जुन्या गाडीचें ‘मूळ रूप’

गेल्या हिवाळ्यांत आमच्या जालन्याच्या घरीं एक लहानसा वाद उपस्थित झाला. वाद जमिनीचा नव्हता, दागिन्यांचाहि नव्हता. घरामागील पत्र्याच्या छपराखालीं उभ्या असलेल्या एका मोटारीचा होता. ही मोटार आमच्या थोरल्या काकांची. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६७ सालीं बाहेर पडलेली ही फियाट ११००. हिच्याच वंशाला पुढें ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या वेषांत ती साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाली. त्या वंशाची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. काकांचा जालन्याच्या मोंढ्यांत आडतीचा धंदा होता. त्या काळीं पैसे हातांत असूनहि मोटार मिळत नसे. नंबर लागण्याची वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. नंबर लागला तेव्हां काका स्वतः मुंबईस गेले आणि नाशिक व तेव्हांचें औरंगाबाद या वाटेनें सुमारें चारशें किलोमीटर हांकीत ती घरीं घेऊन आले. ती दारांत येतांच काकूंनीं तिला ओंवाळलें, असें आमच्या घरांत अजून सांगतात.

काका वारले, गाडी राहिली. त्यांच्या दोघां मुलांचें तिच्याविषयीं एकमत होईना. धाकटा पुण्यास नोकरीस असतो. त्याचें म्हणणें असें कीं, गाडी नटवून प्रदर्शनास न्यावी. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटून गेलेली आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी आतां ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें, आणि नंबराच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढें ‘व्हीए’ हीं अक्षरें. थोरला जालन्यासच असतो व व्यवहारी आहे. त्याचें मत थोडक्यांत असें : जागा अडली आहे, भंगारांत द्यावी.

भंगार हा शब्द जालन्यांत निराळ्या अर्थानें ऐकूं येतो, हें बाहेरच्या वाचकांस सांगावयास हवें. पूर्वीं ‘जालना सोन्याचा पाळणा’ म्हणत. आतां हें गांव बियाण्यांनीं आणि लोखंडानें ओळखलें जातें. औद्योगिक वसाहतींतील भट्ट्यांसमोर मोडक्या लोखंडाचे ढीग पडलेले असतात. त्यांत नांगराचे फाळ असतात, पत्रे असतात, मोटारींचे दरवाजे असतात. विजेच्या भट्टींत तें सारें वितळतें, त्याचे ठोकळे होतात, ठोकळ्यांच्या सळ्या होतात, आणि त्या सळ्या कोणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्यें जाऊन बसतात. आम्हांस ही गति हीन वाटत नाहीं. उलट मनांत येतें कीं, जें ज्याच्या उपयोगाचें राहिलें नाहीं तें दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर होऊन राहतें, यांत वाईट तें काय? जुनी मोटार जपण्याच्या बाजूनें बोलणाऱ्यानें आधीं या भट्टीपुढें उभें राहून आपलें म्हणणें मांडलें पाहिजे.

कोणी म्हणेल, वारंवार अवर्षणाच्या झळा सोसणाऱ्या जिल्ह्यांत मोटारीच्या हौशीचा विचार करणें हीच मुळांत अनीति आहे. हा आक्षेप आम्हांस फारसा टिकाऊ वाटत नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत हीच गाडी रात्रीं-अपरात्रीं बाळंतिणींना दवाखान्यांत पोंचवीत असे. आणि ज्या घरांत लग्नकार्याला लाखों रुपये उधळले जातात त्या घरानें एका जुन्या यंत्रावर थोडा खर्च केला म्हणून अधर्म होत नाहीं. खरा प्रश्न पैशाचा नाहीं. जुन्या वस्तूपासून जो आनंद आपण घेतों तो नक्की कशाचा, आणि तो घेतांना आपण कोणावर अन्याय तर करीत नाहीं ना, हा प्रश्न आहे.

हा आनंद दोन प्रकारचा असतो. एक पाहण्याचा, एक हांकण्याचा. दिल्लीस १९६४ सालापासून स्टेट्समन पत्राच्या पुढाकारानें जुन्या मोटारींची मिरवणूक भरूं लागली, आणि पुढें मुंबईपुण्याकडेहि असे मेळावे होऊं लागले. अशा एका मेळाव्यास आम्ही धाकट्याच्या आग्रहास्तव गेलों होतों. गाड्या रांगेनें उभ्या होत्या, ऊन पितळेवर खेळत होतें, आणि परीक्षक हातांत कागद घेऊन वाकून वाकून आंत पाहत होते : स्विच मूळचा आहे कीं नाहीं, गादीचें कापड त्याच विणीचें आहे कीं नाहीं, पत्र्यावरील रंग कारखान्याच्या यादींतला आहे कीं नाहीं. सरकारी नियम सांगाड्यापाशीं आणि इंजिनापाशीं थांबतो. हौशी माणसाची दृष्टि शेवटच्या स्क्रूपर्यंत जाते. आम्हांस तेथें मौज वाटली हें नाकबूल करीत नाहीं. पण एक गोष्ट मनाला टोंचत राहिली. तेथील प्रत्येक गाडी जणूं आदल्याच दिवशीं कारखान्यांतून निघाली होती. साठ-सत्तर वर्षें ती कोठें होती, कोणाच्या दारांत होती, कोणत्या खड्ड्यांत तिचा पाटा मोडला, याची खूण अंगावर कोठेंहि नव्हती. वृद्ध माणसाचें चरित्र लिहावयास बसावें आणि बारशापाशींच लेखणी ठेवावी, तसें तें झालें.

अर्थात् कांहीं गाड्यांना हें शोभतें. हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यांत एक पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं ती मागविली. परंतु १९११ मध्यें ते वारले आणि गाडी त्यानंतर तयार होऊन आली. तींत सिंहासनासारखें आसन आहे, आणि ती निघे ती केवळ समारंभापुरती. जालना १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यांत होतें. तेव्हां त्या आसनाच्या खर्चांत आमच्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचाहि कांहीं अंश असलाच पाहिजे. असो. त्या गाडीला तिच्या मूळ रूपावांचून दुसरें आयुष्यच नव्हतें. तिला आरंभींच्या तेजांत उभी करणें म्हणजे तिचा सर्व इतिहास दाखविणें होय. काकांच्या फियाटीची गोष्ट निराळी आहे.

एका वस्तूचे भाग बदलत गेले तर ती तीच राहते काय, हा प्रश्न फार जुना. अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें गलबत जपून ठेवलें होतें. कुजलेली फळी काढून नवी बसवीत, आणि प्लुटार्क सांगतो कीं तें गलबत तेंच कीं दुसरें यावर तत्त्वज्ञांचे वाद होत. आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन रथांतून आलेल्या मिलिंद राजाला विचारतो कीं आंस हा रथ काय, चाकें हा रथ काय, जूं हा रथ काय. आणि प्रत्येक वेळीं राजाला नाहीं म्हणावें लागतें. ‘रथ’ हें केवळ व्यवहाराचें नांव ठरतें. ग्रीकांचा प्रश्न सातत्याचा, नागसेनाचा त्याहून खोल. परंतु या दोन्ही चर्चांत एक मनुष्य आम्हांस दिसत नाहीं : फळी बदलणारा सुतार. ती फळी त्यानें कोठून आणली, कशी तासली, आणि त्याला स्वतःला काय वाटलें, हें कोणी विचारीत नाहीं. तत्त्वज्ञानाला त्याची गरज नसेल, नीतीला आहे.

आमच्या फियाटीचा सुतार म्हणजे जुन्या जालन्यांतील एक मिस्त्री. त्यांना सारे चाचा म्हणतात. आतां वय झालें, हात कांपतो, दुकान मुलगा पाहतो. कुर्ल्याचा अस्सल भाग जालन्यास येईपर्यंत महिना महिना जाई, आणि मोंढ्याचा हंगाम कोणासाठीं थांबत नसे. तेव्हां चाचांनीं पितळेची बुश लेथवर स्वतः कातून बसविली. गॅस्केट बाजारांतल्या पत्र्यासारख्या जाड कागदावर कापून काढलें. दिव्याचा स्विच ट्रॅक्टरचा लावला. एका दरवाज्याची मूठ कोणत्या गाडीची आहे हें त्यांनाहि आतां आठवत नाहीं. मागच्या पाट्यांत तर एक पान वाढविलेलें आहे, कारण काका पोत्यांचे नमुने भरून खेड्यापाड्यांतून हिंडत आणि रस्ते कसे होते हें सांगावयास नको. धाकट्याच्या बेतांत हें सारें काढून टाकावयाचें होतें.

आम्हीं मनाशीं निर्णय करून टाकला होता. हे भाग म्हणजेच गाडीचा खरा इतिहास; ते काढणें म्हणजे चाचांचें पन्नास वर्षांचें काम पुसून टाकणें; म्हणून गाडी आहे तशीच ठेवावी. हा युक्तिवाद आम्हांस इतका पसंत पडला कीं, तो चाचांना ऐकविण्यासाठीं आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “भैया, तो स्विच मी मजबुरीनं लावला होता. मूठ पण मजबुरीची. काकाशेठ बोलले नाहीत कधी, पण मला दर वेळी शरम वाटायची. अस्सल मिळतंय ना आता? मग माझं काढा आणि तेच बसवा.” मग थोडें थांबून म्हणाले, “पाट्याला मात्र हात लावू नका. ते कंपनीचं चुकलेलं आहे. ते मी बरोबर केलेलं आहे.”

हें उत्तर ऐकून आम्ही ओशाळलों. ज्याच्या वतीनें आम्ही बोलत होतों त्याला विचारण्याचें आम्हांस शेवटीं सुचलें, आधीं नाहीं. गरिबाच्या तडजोडीला कला म्हणून गौरविण्याची सुशिक्षितांची एक संवय असते. तींत त्या तडजोडीची लाज ज्याला वाटत होती त्याची गैरसोय आपण विसरतों. धाकटा कारखान्याचें रूप खरें मानीत होता, आम्ही अडचणीचें रूप खरें मानीत होतों. चाचांचा विवेक दोघांहून सूक्ष्म निघाला. निरुपायानें केलेलें काम कोणतें आणि समजून केलेली सुधारणा कोणती, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें, आणि दुसऱ्याविषयींच त्यांना अभिमान होता. प्रदर्शनाच्या परीक्षकाला तें वाढीव पान म्हणजे वजा करावयाचे गुण. आम्हांस आतां तीच या गाडींतील सर्वांत जपण्याजोगी वस्तु वाटते, आणि असें वाटण्यास आमच्याजवळ चाचांची साक्ष आहे.

म्हणून स्विच बदलला, मूठ बदलली, पाटा तसाच राहिला. थोरल्यानें भंगाराचा हट्ट सोडला. त्यामागें तत्त्वज्ञान नव्हतें, काकूंची एक अट होती. काकूंचें वय आतां ऐंशींच्या पुढें आहे. काका हयात असतांना दर संकष्टीला याच गाडीनें त्या भोकरदन तालुक्यांतील राजूरच्या गणपतीला जात, आणि ती वारी आपल्या हयातींत चुकूं नये एवढेंच त्यांचें मागणें. या मागण्यानें धाकट्याच्या अर्जापुढें नवीच अडचण उभी केली. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वा धंद्याच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, मिरवणूक, शास्त्रीय अभ्यास, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती, एवढ्यांसाठीं ती बाहेर काढावी असा नियम आहे. नियम करणाऱ्यांचा हेतु वाईट नाहीं. धूर आणि अपघात यांचा विचार त्यांना करावाच लागतो. परंतु त्या यादींत काकूंना राजूरला नेणें बसत नाहीं. साधी नोंदणी पांच पांच वर्षांनीं नवी करण्याची वाट अजून मोकळी आहे. तींत मान नाहीं, दर खेपेस तपासणीची यातायात मात्र आहे. धाकटा या बाबतींत अद्याप नाराज आहे, आणि त्याची नाराजी आम्हांस अगदींच अवाजवी वाटत नाहीं. काकूंच्या मागें गाडी भट्टींत गेली, तर आजचा आमचा सल्ला त्याला खचित आठवेल.

गेल्या संकष्टीला दुपारीं आम्ही निघालों. गाडी थोरल्यानें हांकली. मागें काकू आणि आम्ही, पुढें चाचा. काकूंनींच त्यांना बोलावून घेतलें होतें. गांवाबाहेर पडल्यावर कपाशीचीं शेतें दोहों बाजूंस लागलीं. काकूंनीं कांच खालीं करावयास सांगितली आणि नव्या मुठीवरून हात फिरवून, ही कोणाची, असें विचारलें. एका खड्ड्यांत मागचें चाक जोरानें आदळलें तेव्हां थोरल्यानें दचकून आरशांत पाहिलें. चाचा मात्र मान किंचित् कलती करून मागच्या पाट्याचा आवाज ऐकत बसले होते.