हाताची गरज आणि हाकेची

संधिवाताच्या बोटांना बरणीचे घट्ट झाकण उघडत नाही. परिचारिका म्हणून आम्ही हे जन्मभर पाहिले. येथे बहरीनला आमच्या भाच्याने त्यावर साधन काढले: प्लायवुडच्या फळीत व्ही आकाराची खाच. फळी कपाटाच्या तळाशी बसवायची, झाकण खाचेत अडकवायचे आणि बरणी दोन्ही हातांनी फिरवायची. लेसर कटरवर त्याने आधी पुठ्ठ्याचे नमुने कापले. पुढे लाकडाच्या गुळगुळीत कडेवरून झाकण निसटू लागले, म्हणून कडेला करवतीसारखे दाते दिले. (पीव्हीसी मात्र लेसरखाली कधी घालू नये, विषारी वायू सुटतो.) अशा यंत्रांची कार्यशाळा, म्हणजे फॅब लॅब, पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात एमआयटीच्या साह्याने २००२ सालीच सुरू झाली. आपल्या गरजेची वस्तू आपणच घडवावी, हा तिचा हेतू.

पण गरज कोणती, हे कोणी ठरवायचे? शेजारच्या मावशींना आम्ही फळी दाखवली. त्या म्हणाल्या, "छान आहे हो. पण बरणीच्या निमित्ताने तुम्ही येता, त्याचे काय?"

स्वावलंबन हे औषधच, असे आम्ही रुग्णांना शिकवीत आलो. परंतु हाक मारण्याचे निमित्त काढून घेण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? फळी बसवायची की नाही, हे मावशीच ठरवतील. तोवर ती आमच्याकडेच आहे, आणि बरणी उघडायला आम्ही जातोच.