‘बघून घे’

आपल्याकडे ‘नियमानुसार काम’ हे आंदोलनाचं नाव आहे. कर्मचारी संप करत नाहीत, फक्त पुस्तकात लिहिलंय तसं वागतात आणि सगळं ठप्प होतं. नियम पाळणं ही धमकी कशी काय ठरते? मला हे कोडं गंमतीचं वाटायचं. मावसभावाचं काम जवळून पाहिल्यावर त्यातली गंमत गेली.

तो कंत्राटी वायरमन आहे. ११ केव्ही लाइनवर चढायचं तर आधी उपकेंद्रातून परमिट, मग लाइन खरंच बंद आहे का याची तपासणी, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग. दोन्ही बाजूंना का, तर कुणाच्या घरचा चुकीचा जोडलेला जनरेटर डीपीतून उलटी वीज पाठवून बंद तार जिवंत करू शकतो. शिवाय हातमोजे, पट्टा आणि सोबत दुसरा माणूस. यातलं एकही कलम उगाच नाही.

पण वळवाच्या पावसात रात्री तार तुटते, तेव्हा दुसरा माणूस नसतो आणि अर्थिंगचा रॉड शेजारच्या गावी गेलेला असतो. गावातून साहेबांना फोन जातात, साहेबांचा याला येतो. ‘नियम मोड’ असं साहेब कधीच म्हणत नाहीत. म्हणतात, ‘बघून घे.’

इतकं चलाख वाक्य मराठीत दुसरं नसेल. वीज आली तर साहेबांचं काम झालं. अपघात झाला तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १६१ खाली चौकशी होऊ शकते. परमिट होतं का, मोजे होते का, हे तिथे विचारता येतं. फोनवरचे दोन शब्द कुठल्याच रजिस्टरात नसतात. साहेबांवरही वरून दबाव असतो, हे खरंच. पण खांबावर ते नसतात.

यावर एक चांगला आक्षेप आहे. ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांसोबत फिरला. १९९६च्या ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ या पुस्तकात त्याने दाखवलं की मशीन नुसत्या मॅन्युअलने दुरुस्त होत नाहीत. तंत्रज्ञ एकमेकांना सांगतात त्या किश्श्यांमधून ते ज्ञान तयार होतं. मग ‘बघून घे’ म्हणजे हाताखालच्या माणसाच्या अकलेवर टाकलेला विश्वासच नाही का?

असेलही, जर त्या माणसाला ‘बघितलं, आज होणार नाही’ असं म्हणता येत असेल तर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१च्या १५५व्या करारात जिवावरच्या कामातून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण दिलंय. कंत्राटी माणसाला मात्र पुढच्या महिन्याच्या यादीत आपलं नाव असेल का, याची धास्ती असते.

हल्ली मावसभाऊ फोन आला की अगदी नम्रपणे म्हणतो, ‘साहेब, परमिटचा नंबर तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.’ कधी नंबर येतो. कधी बराच वेळ नुसत्या दोन निळ्या टिका दिसत राहतात.