श्रद्धा वारशाने मिळते काय?

घर, शेत, आडनाव आणि धर्म या चार गोष्टी आपल्याकडील माणसाला बहुधा न मागता मिळतात. पहिल्या दोहोंची पुढे वाटणी होते, त्यावरून कोर्टकचेऱ्याही होतात. धर्माविषयी मात्र असा वाद सहसा होत नाही, कारण तो वाट्याला आला आहे हेच अनेकांच्या ध्यानात नसते. बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता उत्तरे देतात. सैतानाचा त्याग तेच करतात, विश्वास तेच प्रकट करतात. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, ते बालक झोपलेले तरी असते किंवा पाण्याच्या गारव्याने रडत असते.

अठरा-वीस वर्षांनी त्याच मुलाला कोणीतरी विचारतो, 'हा धर्म तू निवडलास, की तुझ्या गळ्यात पडला?' हल्ली हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. देव न मानणारा मित्र तो थट्टेने विचारतो. एखाद्या प्रार्थनासभेतील उत्साही बंधू तो कळकळीने विचारतो आणि 'तुझ्या तारणाची तारीख सांग' असेही म्हणतो. आपल्या मुलांना ती तारीख सांगता येत नाही. मग काही जण देऊळच सोडतात, काही दुसऱ्या सभेत जाऊन पुन्हा बाप्तिस्मा घेतात, आणि घरी रोज संध्याकाळी माळ करणारे आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांची श्रद्धेची व्याख्या पाठ केली होती. कृपेने प्रेरित झालेल्या इच्छाशक्तीच्या आज्ञेवरून बुद्धीने ईश्वरी सत्याला दिलेली संमती, असा तिचा आशय. तीत एकही शब्द चुकीचा नाही. परंतु विसाव्या वर्षीच्या मुलाला ही व्याख्या ऐकवली, तर तो आदराने मान डोलावतो आणि प्रश्न होता तसाच घेऊन परत जातो.

आम्हांला यासंबंधी योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय अधिक उपयोगी वाटतो. सुखार गावाजवळच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीला प्रभू भेटला, हे आपण सारे जाणतो. घागर तिथेच टाकून ती गावात धावली, हेही आपल्या प्रवचनांतून अनेकदा येते. पुढचा भाग मात्र आपण घाईने वाचतो. तिच्या शब्दावरून गावकरी आले, त्यांनी येशूला दोन दिवस ठेवून घेतले आणि नंतर त्या स्त्रीला सांगितले, की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर उभा नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. त्यांनी तिला खोटी ठरविले नाही. तिचा शब्द नसता, तर ते विहिरीपर्यंत आलेच नसते. परंतु तेवढ्यावर ते थांबलेही नाहीत. वारशाने मिळालेली श्रद्धा आणि स्वतःची श्रद्धा यांच्यामध्ये हे दोन दिवस आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे आयुष्य सरते, तरी ते दोन दिवस येत नाहीत.

याच शोमरोनी स्त्रीची कथा आपल्या महाराष्ट्रातील एका विदुषीने इंग्लंडमध्ये ऐकली. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तरीही त्यांचा अनुभव आम्ही आमच्या तरुणांपुढे आवर्जून ठेवतो. भागवत मुखोद्गत असलेल्या या स्त्रीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. पाच वर्षांनी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथील काम त्यांनी पाहिले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे मायेने सेवा होत होती. हे कशासाठी, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवरची ती कथा सांगितली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

येथे कोणी म्हणेल, पाहा, ही खरी श्रद्धा: जाणत्या वयात, पारखून घेतलेली! पण रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवले आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. ही जाणीव त्यांना विल्यम हॅस्लम नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मवृत्त वाचून झाली. या हॅस्लमचे परिवर्तन तो स्वतः व्यासपीठावरून प्रवचन करीत असताना झाले होते. (आम्हां धर्मगुरूंनी हे वाक्य सावकाश वाचावे.)

तेव्हा दोष वारशात नाही. ज्यांना धर्म जन्मतः मिळाला आणि ज्यांनी तो विचारपूर्वक स्वीकारला, त्या दोघांनाही ख्रिस्तापर्यंतचे शेवटचे अंतर स्वतःच्या पायांनी तोडावे लागते. रमाबाईंच्या बाबतीत ते चालणे केडगावच्या माळरानापर्यंत गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमारीने मरणाऱ्या शेकडो मुलींना त्यांनी आपल्या छायेत आणले.

मग 'स्वतःची श्रद्धा' म्हणजे अंतःकरणात दाटून येणारा आनंद काय? रमाबाईंना तो लाभला. पण मदर तेरेसांचे काय? त्यांचा बाप्तिस्मा जन्माच्या दुसऱ्याच दिवशी, २७ ऑगस्ट १९१० रोजी झाला. तारीख ठाऊक होती, परंतु ती त्यांनी निवडलेली नव्हती. २००७ साली त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले, की कित्येक दशके त्यांना देवाच्या सान्निध्याची अनुभूतीच नव्हती. बाहेर झोपडपट्टीतील सेवा, आत अंधार. काही वृत्तपत्रांनी याला ढोंग म्हटले. आम्हांला ते वरवरचे वाटते. ज्याची जाणीव होत नाही, त्याच्यासाठी पहाटे उठून मरणासन्न माणसाच्या जखमा धुणे, ही श्रद्धा उसनी असू शकत नाही. भावना येतात आणि जातात. आपण कशावर काय पणाला लावले, हे मात्र मागे उरते.

आपल्या वसईकर पूर्वजांविषयीही असेच अर्धवट बोलले जाते. राज्यकर्त्यांमुळे ते ख्रिस्ती झाले, एवढे सांगून विषय संपविला जातो. १७३९ साली पोर्तुगीजांची सत्ता वसईतून गेली. सत्तेबरोबर मिळणारे सारे गेले, श्रद्धा राहिली. ज्यांनी ती ठेवली, त्यांनी तेव्हा ती निवडली, असे आम्ही का म्हणू नये?

आज पणाला लावण्याजोगे काय आहे, असे तरुण विचारतात. जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून ते शोधायला दूर जावे लागत नाही. मृत्युपत्र नसेल, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती घरात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा असतो. तरीही बापाचा वर्षश्राद्धाचा मिस्सा आटोपला, की बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. दुसऱ्या दिवशी तोच भाऊ ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत उभा असतो. कैसरिया फिलिप्पी येथे प्रभूने शिष्यांना आधी विचारले, की लोक मला काय म्हणतात. मग विचारले, तुम्ही काय म्हणता. त्या भावापुढे हा दुसरा प्रश्न कागदाच्या रूपाने येतो. कागद फाडणारा एखादा भाऊ आमच्या पाहण्यात आहे. त्याला तारणाची तारीख सांगता येणार नाही.

मुलगी माळेला बसत नाही, अशी तक्रार घेऊन एक माता आमच्याकडे आल्या. आम्ही विचारले, 'बाई, तुम्ही स्वतः ती कशासाठी करता, हे तिला कधी सांगितलेत?' त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितले, की नवरा जहाजावर असताना सात महिने पत्र आले नव्हते. सासू झोपल्यावर त्या अंधारात एकट्याच माळ करीत आणि मध्येच मोजणी चुकली, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत. पत्र आले, तेव्हाही ती सुटली नाही. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. मुलीला तर नाहीच. आम्ही त्यांना तसेच घरी पाठविले.