मदत कोणाच्या हाती द्यावी?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 11, ओव्या 27 ते 30



क्लौद्याच्या कारकीर्दीत मोठा दुष्काळ पडेल असे अगबाने अंत्युखियाच्या मंडळीत सांगितले, तेव्हा तेथील शिष्यांनी तो कोणाच्या पापामुळे, अशी चर्चा मांडिली नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूस ठेविले आणि बर्णबा व शौल ह्यांच्या हाती यहूदियातील बांधवांस धाडिले. हा पाठ वाचताना आम्हांस 2004 सालच्या 26 डिसेंबरची आठवण होते.

तो रविवार होता, नाताळाचा दुसरा दिवस. आपल्याकडे सकाळी साडेसहा वाजण्याच्या सुमारास सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला. तळ उचलला गेला, त्यासरशी वरचे पाणीही उसळले, आणि सुनामीच्या लाटा हिंदी महासागरभर पसरल्या. तामिळनाडूच्या किनाऱ्यास पोहोचण्यास त्यांस दोन तासांहून अधिक वेळ लागला. परंतु इशारा देणारी व्यवस्थाच त्या महासागरासाठी तेव्हा नव्हती. (आपल्या देशाचे तसे केंद्र हैदराबादेस 2007 साली झाले.) 14 देशांत मिळून सुमारे 2,27,000 माणसे मृत्यू पावली वा नाहीशी झाली. वेलंकनीस यात्रेकरिता आलेले भाविकही त्यांत होते. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेल्यांविषयी प्रभूने काय विचारिले, हे लूकाच्या तेराव्या अध्यायात ज्याने वाचिले आहे, तो ह्या मृतांची पापे मोजावयास बसणार नाही.

जगभरातून मदत निघाली. सरकारांनी व सामान्य लोकांनी मिळून दिलेला व देऊ केलेला निधी सुमारे 14 अब्ज डॉलर भरला. आपल्या देशात 10,000 हून अधिक माणसे दगावली होती, तरी आपल्या आरमाराची जहाजे लगोलग श्रीलंका व मालदीव येथे आणि पुढे इंडोनेशियासही गेली. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी स्वतः हलाखीत असता दिले, असे पौल करिंथकरांस लिहितो. तसेच हे झाले. तथापि मागाहून झालेल्या तपासणीत असे आढळले की, आरंभी जे प्राण वाचले ते बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच वाचविले होते.

आता जे लिहितो ते थोडे कडू आहे. नागपट्टिणमकडे गाड्या भरभरून जुने कपडे आले. लोकांनी ते घेतले नाहीत. रस्त्याच्या कडेस त्यांचे ढीग पडून राहिले. पुष्कळांनी त्या लोकांस कृतघ्न म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या कोळ्याची नाव, जाळे आणि लेकरे एका सकाळी गेली, त्याने कोणाचा विटका सदरा डोळ्यांस लावून का घ्यावा? इंडोनेशियाच्या आचे प्रांतात आलेल्या पुष्कळ औषधांवरील अक्षरे तेथील लोकांस वाचताच येईनात, कित्येकांची मुदतही सरलेली होती. ती नष्ट करण्याचा खर्च उलट त्यांच्याच माथी बसला. आणि परक्यांस कशाला हसावे? कापणीच्या सणास वेदीपुढे आलेली किडकी ज्वारी आम्ही स्वतःच्या हातांनी मापिली आहे.

ह्याहून जड गोष्ट वाटपाची. नागपट्टिणम जिल्ह्यात काही ठिकाणी दलित कुटुंबांस छावणीत आसरा मिळाला नाही, पाण्यास व अन्नास त्यांस निराळे उभे राहावे लागले, आणि कोठे कोठे यादीत त्यांची नावेच नव्हती. लाटेने जात पाहिली नव्हती; ती यादी लिहिणाराने पाहिली. सातासमुद्रांपलीकडून प्रीतीने धाडिलेला तांदूळ शेवटच्या दहा पावलांवर अडला. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या वाडवडिलांनी अशी दहा पावले मोजिली आहेत, म्हणून अधिक सांगत नाही.

अंत्युखियाच्या शिष्यांनी दान कोणाही वाटसरूच्या हाती का दिले नाही, ते येथे कळते. बर्णबा हा आपले शेत विकून सर्व पैसा प्रेषितांच्या पायांशी ठेवणारा मनुष्य. पुढे पौलानेही वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडिलेला सोबती बरोबर घेतला, कारण लोकांपुढेही हिशेब स्वच्छ दिसावा, असा त्याचा आग्रह होता.

उपदेशक बंधूंनो, पूर येवो की भूकंप होवो, तुमच्या गावी धान्य उतरेल तेव्हा नावांची वही बहुधा तुमच्याच हाती येईल. त्या आधी कृत्यांचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. यरुशलेमेत रोजच्या वाटपात हेल्लेणी विधवा वगळल्या जात होत्या, म्हणून कुरकूर झाली. प्रेषितांनी कुरकूर करणारांस दटाविले नाही. मंडळीस सात माणसे निवडावयास सांगितले. स्तेफनापासून नीकलावापर्यंत त्या साताही जणांची नावे हेल्लेणी आहेत.