नव्या घरातला नाताळ

घराचा पहिला हप्ता डिसेंबरातच गेला. म्हणून यंदा केक नाही. घरच्या करंज्या, शंकरपाळे आणि दारात मागच्याच वर्षीची कागदी चांदणी. सासूबाई म्हणाल्या, "येशू गोठ्यातच जन्मला की!" मला हे पटत नाही. गोठा मरीयेने निवडला नव्हता. उतारशाळेत जागाच नव्हती. नाइलाजाला पुण्य म्हणणं हा गरिबावर अन्याय आहे. आमची काटकसर आम्ही निवडलेली, डोक्यावर छप्पर असलेली. तेव्हा खरा प्रश्न पैशाचा नाही, दुसऱ्याला जागा देण्याचा आहे. आमच्या नाशिकमधल्याच शरणपूरच्या मिशनने गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा दिला. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन इंग्लंडला पोचला. आपणही थोडी जागा करावी म्हणून पंचवीसला खालच्या वॉचमनभाऊंना सहकुटुंब जेवायला बोलावलंय. मटण अर्धा किलोच आहे, रस्सा वाढवीन.