पंचाच्या नजरेपलीकडे

खेळाने शील घडते, हे वाक्य बक्षीससमारंभांत इतक्या वेळा ऐकू येते की त्याची शहानिशा करावी असे कोणास वाटतच नाही. खेळाने घडते ते शरीर. शील घडावयाचे तर खेळाबरोबर विचारही करावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या क्रीडांगणांवर कोणास सवड नसते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालयांचे कबड्डीचे सामने मी आवडीने पाहतो. चढाईस आलेल्या गड्याचे बोट बचाव करणाऱ्यास ओझरते लागले की नाही, हे पुष्कळदा पंचास दिसत नाही. ज्यास लागले त्यास मात्र ते पक्के ठाऊक असते. तो गप्प राहतो. मागाहून विचारावे, तर ‘पाहणे हे पंचांचे काम’ असे उत्तर येते. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, म्हणूनच ते धोक्याचे. नियम पाळणे म्हणजे पंचास न सापडणे, असे एकदा मनाने घेतले की वयाचा खोटा दाखला फार दूर राहत नाही.

अशा मुलांपुढे मी दोन प्रसंग ठेवतो. 1980 साली मुंबईच्या वानखेडे मैदानावरील कसोटीत इंग्लंडचे पाच गडी 58 धावांत बाद झाले होते. पुढे पंचांनी यष्टिरक्षक टेलर यास झेलबाद दिले. पण चेंडू बॅटीस लागला नाही अशी खात्री पटताच कर्णधार विश्वनाथ यांनी त्यास परत बोलावले. टेलर व बोथम यांनी 171 धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. मुले टाळ्या वाजवितात. क्वचित एखादा विचारतो, ‘दहा सोबत्यांचा विजय एकट्याने देऊन टाकण्याचा अधिकार कर्णधारास कोणी दिला?’ असा प्रश्न मला टाळ्यांहून मोलाचा वाटतो. माझे उत्तर असे, की जो बळी मिळालाच नव्हता तो त्या दहांचाही नव्हता.

दुसरा प्रसंग 1947 सालचा, सिडनीचा. चेंडू पडण्याआधीच धाव घेऊ पाहणाऱ्या ब्राऊनला विनू मांकड यांनी धावबाद केले. आधीच्या एका सामन्यात त्यास ताकीदही मिळाली होती. ब्रॅडमन यांनी मांकड यांची बाजू घेतली; तरीही पुढे कित्येक वर्षे त्यांचे नाव एक दूषण म्हणून वापरले गेले. 2022 साली नियमावलीतील हे कलम ‘अनुचित खेळा’तून काढून साध्या ‘धावबाद’मध्ये घातले गेले. मांकड यांनी काहीच लपविले नव्हते. आमचा गप्प गडी लपवितो. संकेत मोडणे आणि सत्य झाकणे यांतला हा भेद मुलांच्या ध्यानी येतो, पण वाद घातल्यावर, उपदेशाने नव्हे.

एवढ्याने काम भागत नाही. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरातील मुलास पदकाचे प्रमाणपत्र म्हणजे घरचा आधार. ‘मला स्पर्श झाला’ असे म्हणत त्याने हात वर करावा, अशी अपेक्षा करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांचे वेतन त्या गुणावर अवलंबून नसते. असा हात वर करणाऱ्यास संघातून वगळणार नाही, हे मार्गदर्शकाने सामन्याआधीच सर्वांसमक्ष सांगावयास हवे. तसे सांगणारे मला आजवर दोघेच भेटले.