रंगाची साक्ष

शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या तालमीत दोन चुलतभाऊ घाम गाळायला जात. वाड्यात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. तालमीतही तीच नावं पडली. तालमीचं रूप आता अर्धं पालटलं होतं. एका अंगाला लाल मातीचा हौदा आणि मारुतीची तसबीर, तर दुसऱ्या अंगाला आरसे, बार, प्लेटा आणि डंबेल. वस्ताद मातीतले, पण पोरांना शरीरसौष्ठवाचं वेड लागलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नाही. "अंग कमवायचं, मग ते मातीत कमवा नाहीतर लोखंडावर," एवढंच म्हणाले.

थोरला कष्टाला वाघ होता. बैठका, स्क्वॉट, डेडलिफ्ट, काही सांगावं लागत नसे. त्याच्या मांड्या बघून म्हातारे पैलवानही मान हलवत. पण तालमीबाहेरची कुठलीही गोष्ट त्याला ऐन वेळी आठवे. फॉर्म शेवटच्या दिवशी, फोटो त्याहून उशिरा. धाकटा याच्या उलट, मोठा नीटनेटका. त्याच्या वहीत रोजची अंडी, पाणी, झोप यांची नोंद असे. छाती, खांदे, दंड त्याने मन लावून घडवले होते. मात्र पायांच्या व्यायामाचा दिवस आला की त्याला नेमकं काहीतरी काम निघे. ट्रॅकपँटच्या आत कोण बघतंय, असा त्याचा हिशोब.

जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली. दोघांनी एकाच वजनी गटात नावं दिली आणि घरात टॅनचा विषय निघाला.

"आधीच सावळी पोरं," आजी म्हणाली, "त्यांना आणखी काळं कशाला फासता?"

आजीचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपल्याकडे गोरेपणाची क्रीम 1975 सालापासून घरोघर पोचली. 2020 साली त्या डबीच्या नावातून 'फेअर' गेलं, पण मनातून गेलेलं नाही. पुण्यात तर दुचाकीवरची मुलगी डोळ्यांपुरती फट ठेवून स्कार्फ गुंडाळते, हातात कोपरापर्यंत मोजे घालते. त्याच शहरात व्यायामशाळेतली पोरं पैसे मोजून काळी होतात. कारण आहे रंगमंचावरचे दिवे. त्या झगझगीत उजेडात उजळ कातडी सपाट दिसते; पोटावरचे चौकोन, पाठीवरच्या रेषा, मांडीतले कट्स सगळे पुसले जातात. अंगावर गडद आणि एकसारखा रंग असला की उंचवट्यावर उजेड चमकतो, खळग्यात सावली पडते आणि वर्षभराची मेहनत पंचांना लांबूनही दिसते.

थोरल्याची आई, म्हणजे धाकट्याची काकू, पार्लर चालवायची. दिवसभर गोरं दिसण्याचे फेशियल करणाऱ्या या बाईने टॅनिंगचंही रीतसर शिक्षण घेतलं होतं. टॅन मारायची बंदूक तिच्याकडे होती. तिने दोघांना समोर बसवलं.

"हा रंग म्हणजे भिंतीला लावायचा डिस्टेंपर नाही," ती म्हणाली. "बाटलीत जे आहे त्याला डीएचए म्हणतात. ती एक प्रकारची साखरच आहे. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या प्रथिनांशी तिची क्रिया होते आणि तिथे तपकिरी रंग तयार होतो. भाकरीला तव्यावर खरपूस डाग पडतात ना, त्याच जातीची क्रिया. फक्त इथे विस्तव लागत नाही, वेळ लागतो. लावल्यावर दोन-चार तास काही कळत नाही. मग चढायला लागतो आणि पुरता चढायला एक दिवस घेतो."

"हे शोधलं कुणी?" धाकट्याने विचारलं.

"शोधलं कसलं, सापडलं. 1950 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला एव्हा विटगेन्स्टाइन नावाच्या संशोधक बाई आजारी मुलांना हे द्रव्य औषध म्हणून तोंडाने देत होत्या. मुलांच्या अंगावर थेंब सांडले, तिथे काही तासांनी तपकिरी डाग उठले. कपड्यांवर मात्र काही नाही. बाईंनी मग स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं. 1960 च्या सुमाराला तर बाटल्या बाजारात आल्यासुद्धा."

मग तिने कामाचं सांगितलं. आठवडाभर आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं, खाज किंवा पुरळ येत नाही ना याची खात्री करायची. अंगावरचे केस एक दिवस आधीच काढायचे. अंग घासून मेलेली कातडी काढायची, म्हणजे रंग सगळीकडे सारखा बसेल. त्यानंतर तेल, क्रीम, डिओ, अत्तर यांतलं काही अंगाला लावायचं नाही. कोपर, गुडघे, घोटे, टाचा इथली कातडी जाड आणि कोरडी. ती रंग जास्त पिते, म्हणून तेवढ्याच जागी क्रीमचा पातळ हात. आणि रंग लावल्यावर सात-आठ तास पाणी नाही, घाम नाही, घट्ट कपडे नाहीत.

थोरल्याला हसू आवरेना. "आई, मी स्पर्धेला चाललोय, लग्नाला नाही. बाटली दे, मी माझं लावतो."

आईने बाटली दिली. ती पोराला ओळखून होती.

धाकटा मात्र स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सांगितल्याप्रमाणे अंग घासून, कोरडा होऊन हजर झाला. काकूने त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, ओठांना बाम लावला, नाक झाकलं आणि फवारा तोंडाजवळ आला की श्वास रोखायला सांगितलं. हे द्रव्य वरून लावायचं आहे. डोळ्यांत, ओठांवर किंवा श्वासातून आत जाता कामा नये, हे ती कधी विसरत नसे. एक हात मारला, पंख्याखाली वाळवलं, दुसरा मारला. फवाऱ्यात आधीच थोडा दिखाऊ रंग मिसळलेला होता, तो लगेच दिसला. "हा नुसता वाटाड्या आहे," काकू म्हणाली. "कुठे लागलं, कुठे राहिलं हे मला कळावं म्हणून. पाणी लागलं की हा जाणार. खरा रंग अजून यायचा आहे." धाकटा ढगळ बर्म्युडा घालून जुन्या गडद चादरीवर हातपाय पसरून झोपला. सकाळी साबणाशिवाय कोमट पाणी अंगावर घेतलं, टॉवेलने न घासता अंग नुसतं टिपलं. आतून उठलेला रंग एकसारखा, सागवानी.

थोरला त्या रात्री मित्रांच्या गराड्यातून अकरा वाजता घरी आला. संध्याकाळी आजीने तिळाच्या तेलाने अंग चोळून दिलं होतं, ते तसंच. त्याने बाटलीतलं लोशन हाताने फासलं आणि आरशात पाहिलं. काहीच फरक नाही. त्याच्या बाटलीत वाटाड्या रंग नव्हता. नुसती बिनरंगी साखर. दहा मिनिटं थांबून पुन्हा फासलं. तरी काही नाही. वैतागून तिसरा हात मारला आणि हात न धुताच आडवा झाला. पहाटे उठून बघतो तो गुडघे आणि कोपरं काळीठिक्कर, तेल होतं तिथे फिके चट्टे आणि तळहात झेंडूसारखे केशरी. त्यात पायांवरचे केस काढायचे राहिलेले. घाईघाईने वस्तरा फिरवला. वस्तऱ्याबरोबर वरची कातडी गेली, कातडीबरोबर रंग गेला, आणि मांडीवर पट्टे उमटले.

उरलेलं काम स्पर्धेच्या ठिकाणी, स्वारगेटजवळच्या एका सभागृहाच्या मागच्या खोलीत झालं. फेब्रुवारीतली दुपार, पंखे दोन आणि पोरं साठ. एका मित्राने फोमच्या ब्रशने झटपट रंग थापला. वर थोरल्याने काखेत डिओ मारला, पंप यावा म्हणून जोर काढले. घाम सुटला, रंग ओघळला, काख हिरवट दिसू लागली.

गटाचं नाव पुकारलं. थोरला मंचावर गेला. त्याच्या मांड्यांसारख्या मांड्या त्या रांगेत कुणाच्याच नव्हत्या. पण पंच रेषा शोधत होते आणि त्यांना दिसत होते ओघळ. कुठली सावली स्नायूची आणि कुठली रंगाची, कळायला मार्ग नव्हता. डबल बायसेप्सला हात वर केले तेव्हा केशरी पंजे बघून मागच्या रांगेतून खसखस पिकली.

मग धाकटा. त्याचं अंग तांब्याच्या घंगाळासारखं चकाकत होतं. छातीची पोझ दिली, शिट्ट्या पडल्या. पाठ दाखवली, टाळ्या. मग पंच म्हणाले, "पोट आणि मांडी." दिव्यांनी त्याच्या पायांवर उजेड टाकला, आणि काकूच्या त्या निर्दोष रंगाने आपलं काम चोख केलं. मांडीतलं जे नव्हतं ते नसल्याचं शेवटच्या खुर्चीपर्यंत दिसलं. वरचं अंग एका माणसाचं, खालचं दुसऱ्याचं.

पहिला नंबर मुळशीकडच्या एका पोराला गेला. त्याच्या रंगाबद्दल कुणी चांगलं बोललं नाही, वाईटही बोललं नाही. तो कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. लोकांच्या ध्यानात राहिलं ते त्याचं अंग. थोरला पाचवा आला, धाकटा सहावा.

दुसऱ्या दिवशी दोघं तालमीत खाली मान घालून बसले.

"वस्ताद, रंगानं घात केला," थोरला म्हणाला. "नाहीतर मी होतो त्यांच्यात."

"वस्ताद, माझा तर रंग उत्तम जमला होता," धाकटा म्हणाला. "तरी उपयोग झाला नाही. रंगावर काही नसतं."

वस्ताद हौद्याची माती फावड्याने वरखाली करत होते. त्यांनी फावडं टेकवलं.

"लेकांनो, दोघंही रंगाला बोल लावताय. त्यानं तुमचं काय वाकडं केलं? त्यानं साक्ष दिली. तुझ्या गुडघ्यावर कातडं कोरडं होतं, ते त्यानं सांगितलं. तेल पुसलं नव्हतंस, सांगितलं. हात धुतले नव्हतेस, तेही सांगितलं. रात्री तुला दिसत नव्हता तेव्हाही तो आपलं काम करतच होता. तुझा भरवसा नव्हता, म्हणून तू तीनदा फासलास." मग धाकट्याकडे वळले. "आणि तुझी वर्षभराची दांडी त्यानं भर सभागृहात वाचून दाखवली. तुला वाटलं, पायावर रंग चढवला की पाय होतील. अरे, रंग असलेलं दाखवतो, नसलेलं आणत नाही."

"मग आता?" दोघांनी एकदमच विचारलं.

"आता काय? तू आईचं ऐक. आणि तू स्क्वॉट रॅककडे जा. टॅन आठवड्यात जाईल, मेलेल्या कातडीबरोबर गळून पडेल. पाय राहतील."

तसंच झालं. पाच-सहा दिवसांत दोघांचा रंग उतरला. धाकटा रोज अंगाला मॉइश्चरायझर लावत होता, त्याचा सावकाश आणि सारखा उतरला. थोरल्याचा पोपडे धरून, इतका की आजीने त्याला गजकर्णाचं औषध आणायला पाठवलं. पुढच्या हंगामात धाकट्याने एकही पायांचा दिवस चुकवला नाही, आणि थोरला आदल्या संध्याकाळी आईच्या पार्लरमध्ये बायकांच्या रांगेत गुपचूप बसला. स्पर्धेत थोरला दुसरा आला, धाकटा तिसरा. दोघांच्या रंगाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. काकूला ती पावती पुरेशी वाटली.

तात्पर्य: शेवटचा हात मागची उणीव झाकत नाही, उलट उजेडात आणतो. म्हणून कुठल्याही कामात शेवटचा रंग चढवण्याआधी खालचं अंग तयार करावं, आणि रंग चढवल्यावर त्याला त्याचा वेळ द्यावा. मंचासाठी असो की लग्नासाठी, टॅन करून घेणाऱ्यांनी एवढं आणखी ध्यानात ठेवावं: हा रंग उन्हापासून राखत नाही, तेव्हा बाहेर पडताना सनस्क्रीन लावावंच. आणि ऐन दिवशी पहिला प्रयोग कधीही करू नये.